काळी तीन की पांढरी चार

अण्णा, उद्या दुपारी चार वाजता तुमची ए-दोन ही चीज वाजवायची आहे आणि ती कुठल्या पट्टीत वाजवायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डेरिकनं सकाळपासून तीनदा विचारलंय. पियानोवर तो असणार, त्याला आधी कळायला हवं. मी त्याला 'सांगते' एवढंच लिहिलं आणि इकडे तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले आणि अडलेलं विचारायला मी आत्ता येतेय.

उद्या आमच्या संगीतशाळेत दहाबारा जण तुमच्यासाठी जमणार आहेत. त्यांतल्या एकानंही तुम्हाला पाहिलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकून त्यांना ठाऊक आहे तो टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, निपाणीकडचा, लुंगी नेसून व्हायब्राफोनवर जॅझ वाजवणारा माणूस. त्यांना ही गोष्ट फार आवडते. भांडणाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. पट्टीचा घोळ डेरिकला माहीत आहे, पण तो भला माणूस आहे, चारचौघांत बोलत नाही.

आपली ओळख झाली तीही माझ्या चुकीनंच. जे. पी. नगरात मी नवीन होते. भाजी घेऊन तुमच्या गल्लीतून येत असताना खिडकीतून आवाज आला आणि मला वाटलं जलतरंग. पुण्यात लहानपणी पेटी शिकलेली, त्यामुळे या बाबतीत आपल्याला चार लोकांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज. फाटकाशी उभं राहून मी कन्नडमध्ये विचारायला गेले. ते कन्नड ऐकून तुम्ही सरळ मराठीत म्हणालात, "आत ये गं. जलतरंग न्हवं, पण पाणी मिळंल प्यायला."

आत ते धूड होतं. चांगल्या जेवणाच्या टेबलाएवढा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या दोन ओळी, प्रत्येक पातीखाली एक उभी नळी, आणि नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. त्या चकत्यांमुळे सूर थरथरत येतो. पायाशी पेडल, दाबलं की सूर वाजत राहतो, सोडलं की बंद. एका हॉटेलातला बँड मोडला तेव्हा तुम्ही ते टेम्पोत घालून आणलं होतं आणि अक्कांनी नवऱ्याशी, म्हणजे तुमच्याशी, तीन दिवस अबोला धरला होता. पेटीसारखं काळं-पांढरं त्यात काही नाही, सगळंच चंदेरी. मागची ओळ काळ्यांची, पुढची पांढऱ्यांची, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. वाजवायच्या काठ्यांच्या टोकांना अक्कांच्या उरलेल्या स्वेटरची लोकर गुंडाळलेली होती, दोन मोरपंखी आणि दोन मरून. मी हात लावू का म्हणून विचारलं, आणि पुढची सहा वर्षं दर बुधवारी ऑफिसच्या आधी आणि दर शनिवारी सकाळी तुमच्याकडे येत राहिले.

जॅझवाले जुन्या, सगळ्यांना पाठ असलेल्या चालींना स्टँडर्ड म्हणतात. चाल सगळ्यांची एकच, पुढचा विस्तार ज्याचा त्याचा. तुम्ही त्यांना आपल्यासारखं चीज म्हणायचात. तुमच्याकडे अकरा चीजा होत्या, कारण तुमच्याकडे कॅसेट एकच होती. कारखान्यातल्या मित्राच्या भावानं अमेरिकेतून पाठवलेली, लेबल नाही, नावं नाहीत. ए बाजूला सहा, बी बाजूला पाच. त्यामुळे आपल्या घरात, म्हणजे तुमच्या घरात, चीजांची नावं ए-एक, ए-दोन, बी-चार अशी पडली. अक्कासुद्धा स्वयंपाकघरातून सांगायच्या, ती बी-चार नको सकाळी सकाळी, रडू येतंय.

शिकवण्याची तुमची रीतही एकच. टेपरेकॉर्डर लावायचा, दोन ओळी ऐकायच्या, बंद करायचा, वाजवायचं. चुकलं की काही न बोलता परत लावायचा. ए-दोन काळी तीनमध्ये. म्हणजे पाची काळ्या आणि मधल्या दोनच पांढऱ्या, सगळा कारभार मागच्या ओळीवर. वाकून वाकून माझी पाठ मोडायची. बाकीच्या चीजाही अशाच, जिथे हात सहज जाईल अशी एकही पट्टी नाही. मी कुरकुर केली की तुम्ही म्हणायचात, सोपं असतं तर सगळ्यांनीच वाजवलं असतं. मला ते फार पटायचं. आपण काहीतरी अवघड करतोय याचा मला माज होता, अण्णा, आणि तो तुम्हीच चढवला होतात.

पण त्या वाकण्यातून मला काय काय मिळालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, त्याचाच पगार घेते. तुमच्याकडे आले की चूक झाली तरी कोणी तिला नंबर देऊन नोंदवायचं नाही. एक पाती वाजत असताना दुसऱ्या काठीनं आधीच्या पातीचा आवाज अलगद दाबून बंद कसा करायचा, हे तुम्ही मला एक अख्खा पावसाळा शिकवलंत. सगळ्या पात्या वाजत राहिल्या की नुसता कालवा होतो. मी पेडल सोडायला विसरायचे आणि तुम्ही नुसतं माझ्या पायाकडे बघायचात. घटस्फोटाच्या कागदांवर सही करून आले त्या बुधवारीही तुम्ही पायाकडेच बघितलंत, दुसरं काही विचारलं नाहीत. त्या दिवशी अक्कांनी कॉफीबरोबर दोन जास्तीच्या चकल्या ठेवल्या, तेवढंच. मला किती बरं वाटलं होतं.

मग माझीच हौस. संगीतशाळेत रविवारी दुपारी जॅझवाले जमतात आणि तिथे व्हायब्राफोन आहे असं कळलं, आणि मी गेले. तुम्हाला चला म्हटलं तर तुम्ही गुडघ्याचं कारण काढलंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डेरिकनं विचारलं काय वाजवणार, मला नाव सांगता येईना, मी गुणगुणले. ए-दोनचं खरं नाव ऐकून मला गंमत वाटली. तो म्हणाला, चला. त्यानं सुरू केली पांढरी चारमध्ये, कारण सगळं जग ती पांढरी चारमध्ये वाजवतं. मी सुरू केली काळी तीनमध्ये. अर्ध्याच सुराचा फरक, पण एकत्र वाजलं की त्याहून वाईट काही नाही. दोन ओळी झाल्यावर सगळे थांबले. कोणी हसलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

घरी येऊन मी फोनवर त्या चीजा एकेक शोधून ऐकल्या. अकराच्या अकरा, तुमच्यापेक्षा अर्धा सूर खाली आणि किंचित सावकाश. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुमचा टेपरेकॉर्डर ठरल्या वेगापेक्षा जास्त पळत होता. आणि पळत होता तोही नेमका अर्ध्या सुराइतका. थोडा कमीजास्त पळाला असता, तर कॅसेट आणि पात्या एकमेकांना जुळल्या नसत्या आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो इतका बेताचा पळत होता की सगळं तंतोतंत जुळलं, आणि तुम्ही आयुष्यभर, मी सहा वर्षं, दोघं मिळून चुकीच्या पट्टीत वाकून वाजवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, तरी मी आले. तुम्हाला नवल वाटलं. मी दारातच सगळं सांगून टाकलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, पट्टी गाणाऱ्याची असते, चीजेची नसते. वर म्हणालात, तुमच्या पुण्यात कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये, त्यात चूक कोण. डेरिकही म्हणतो की गायिकेला सोयीचं व्हावं म्हणून ते लोक रोज पट्ट्या बदलतात. पण ती निवडलेली पट्टी असते, अण्णा. आपली निवडलेली होती का? माझा प्रश्न तेवढाच होता.

कारण तुम्ही टेलिफोनच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेली. गल्लीतल्या प्रत्येक घरातला टेपरेकॉर्डर तुमच्या हातून गेलेला. मोटरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो जरा फिरवला की वेग कमीजास्त होतो, हे मला तुम्हीच एकदा दाखवलं होतं, शेजारच्यांचं मशिन उघडून. मग स्वतःचंच मशिन कसं सुटलं? दिव्याखाली अंधार असेल. किंवा तुम्हाला माहीत होतं, आणि इतकी वर्षं त्या पट्टीत काढल्यावर परत फिरायचा कंटाळा आला असेल. किंवा तुम्हाला तीच आवडली असेल. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" तुम्ही म्हणालात, "कॉफी घेणार काय?"

मी कॉफी घेतली नाही. मी म्हणाले, "तुम्ही मला सहा वर्षं चुकीचं शिकवलंत."

तुम्ही व्हायब्राफोनची मोटर बंद केलीत. चकत्या थांबेपर्यंत तिथेच उभे राहिलात आणि मग धुडावर चादर घातलीत. मी चपला घालून निघाले.

पुढचे चार महिने मी संगीतशाळेत जाऊन अकराही चीजा अर्धा सूर खाली बसवल्या. पुढच्या ओळीवर हात सोपे पडत होते, पाठही दुखेना. सगळे म्हणाले, किती लवकर जमलं तुला. दर शनिवारी सकाळी वाटायचं की जावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं. वाटायचं, ते एकदा म्हणू देत की हो, चुकलं. तुमचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगितलं. पहिल्यांदा ते खोटं होतं. दुसऱ्यांदा खरं होतं, पण मी नंतर उलट फोन केला नाही. तुमच्या छातीत पाणी झालंय हे मला कोणी कळवलं नाही, आणि कळवावं तरी का? बातमीचा मेसेज तुमच्या मुलानं केला तेव्हाही मी मीटिंगमध्येच होते. ऑटो करून आले. चार महिन्यांनी तुमच्या घरात पाऊल टाकलं ते असं.

तेराव्याला अक्कांनी मला आत बोलावून एक कॅसेट दिली. काठ्यांच्या पिशवीत सापडली म्हणाल्या. वर बॉलपेननं तुमच्या अक्षरात 'मृणालसाठी, ए-दोन'. मी टेपरेकॉर्डर कुठे आहे विचारलं. देवनहळ्ळीहून तुमचा मुलगा आला होता, त्यानं दोन दिवस आधी खोली आवरली आणि जुनी मशिनं भंगारात दिली. त्याला कसं माहीत असणार? मी त्याच्यावर चिडले नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे मात्र गेले. तो म्हणाला, "होगबिट्टितु, मेडम." गेलं म्हणे.

डेरिककडे चांगला डेक आहे, वेग तपासलेला. त्याच्याकडे टेप लावली. ए-दोन, तुमच्या हातची, शंका नाही. पेडल सोडण्याची ती तुमची सवय, ओळ संपायच्या जरा आधी. आणि पट्टी पांढरी चार! अण्णा, मी डेरिकच्या सोफ्यावर बसून रडले. तुम्ही या वयात, छातीत पाणी घेऊन, माझ्यासाठी अर्धा सूर खाली आलात. सगळं नव्यानं बसवलंत. मधल्या भागात हात अडखळतो, परत घेता, परत अडखळतो. त्या जागी तुम्ही कधीच अडखळला नव्हतात. म्हणजे नवी पट्टी, दुसरं काय. मग काठ्या ठेवल्याचा आवाज येतो आणि तुम्ही बोलता: "मृणाल, हितं हात जाईना बघ. तू आलीस की बघू."

डेरिकनं मला रडू दिलं आणि मग बिचाऱ्यानं भीतभीतच एक गोष्ट सांगितली. मला ती दोनदा समजावून घ्यावी लागली. तुमचं मशिन ऐकवताना पळत होतं, तसं ते भरतानाही पळणार. पळत्या मशिनवर भरलेली टेप सरळ, म्हणजे बरोबर वेगाच्या मशिनवर लावली की सगळं अर्ध्या सुरानं उतरतं. म्हणजे तुम्ही ए-दोन नेहमीसारखी काळी तीनमध्ये वाजवली असेल, तरी डेरिककडे ती पांढरी चारमध्येच ऐकू येणार. आणि तुम्ही तो स्क्रू फिरवून मशिन सरळ केलं असेल आणि चीजही खाली आणून बसवली असेल, तरीही पांढरी चारमध्येच ऐकू येणार. एक तर तुम्ही सगळं बदललंत, नाही तर काहीच बदललं नाहीत. टेपवर दोन्ही सारखंच.

तेव्हापासून मी चक्रावून गेले आहे. अडखळणं नव्या पट्टीचं असेल, नाही तर थकलेल्या हातांचं. एकदा वाटतं, तुम्ही मला सांगताय की बघ, आलो तुझ्याकडे. एकदा वाटतं, सांगताय की मी आहे तिथंच आहे, तू ये. राग धरावा की पाय धरावेत, काही कळत नाही. उद्या पांढरी चारमध्ये वाजवली आणि तुम्ही तुमची पट्टी सोडलीच नसेल, तर तुमच्या स्मरणाला बसून मी पुन्हा तेच म्हणतेय की तुम्ही चुकलात. काळी तीनमध्ये वाजवली आणि तुम्ही मरता मरता खाली आला असाल, तर तुमचे ते कष्ट मी पाण्यात घातले.

मग एक धागा सापडला. तुमचा आवाज. टेपवर तो जड येतो, खाली बसलेला, सावकाश. मशिन सरळ केलेलं असेल तर तो तुमचा खरा आवाज, आजारपणानं तसा झालेला. मशिन पळतंच असेल तर तुमचा आवाज मुळात चांगला होता, टेपनं खाली ओढलाय. शेवटच्या दिवसांत तुम्ही कसे बोलत होतात एवढं कळलं की झालं, सगळं सुटलं. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की आज दुपारी लगेच अक्कांना फोन लावला.

आधी मशिनचं विचारलं. अण्णांनी ते उघडलं होतं का मधे? अक्का म्हणाल्या, ते रोज काहीतरी उघडूनच बसायचे, मला काय ठाऊक त्यातलं. मग विचारलं, अण्णांचा आवाज कसा झाला होता शेवटी? जड झाला होता का?

अक्कांच्या मागे कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली.

"आवाज कसा होता म्हणून मला विचारतीस?" त्या म्हणाल्या. "तू ऐकायला यायचं होतंस की गं."

त्या रागावल्या नव्हत्या. लगेच जेवलीस काय म्हणून विचारलं. मी हो म्हणाले, जेवले नव्हते.

सहा वर्षं मी तुमच्या हाताखाली होते, कुठली पाती किती दाबायची ते तुमच्याकडून शिकले, आणि तुमचा शेवटचा आवाज मला माहीत नाही. जेव्हा तो ऐकायचा होता तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मला क्षमा करा, अण्णा. हे मी फोनवर म्हणायला हवं होतं, दोन वेळा संधी होती.

यायची पाळी माझी होती, म्हणून आत्ता डेरिकला कळवलं: काळी तीन. त्यानं विचारलं, नक्की? बेसवाला वैतागणार. मी लिहिलं, नक्की, आणि आता सरावाला बसते, कारण चार महिन्यांत मागची ओळ हातातून गेली आहे आणि मधल्या भागात माझाही हात तिथेच अडखळणार आहे. तुम्ही माझ्यासाठी अर्धा सूर खाली आला होतात की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही. मी तुमच्यासाठी दोन गल्ल्या चालून आले नाही, हे मात्र मला नक्की माहीत आहे.